शाळेमागच्या उसातला बिबट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — देवालासुद्धा नाही. म्हणजे त्याला ठाऊक असणारच. पण त्याला ठाऊक असणं निराळं आणि आपण तोंड उघडून सांगणं निराळं, नाही का? आमच्या चर्चमध्ये रविवारी पापांची कबुली सगळ्यांनी मिळून, एका सुरात म्हणायची असते. फार सोयीची पद्धत आहे ती. शेजारच्याला आपलं नेमकं काय ते कळत नाही, आपल्याला त्याचं कळत नाही, आणि मग सगळे मिळून गीत गाऊन घरी मटणाच्या रश्श्याकडे वळतात. त्या सुरात मी वर्षानुवर्षं सूर मिसळलाय. आवाज माझा चांगला आहे. सांगायचं ते मात्र राहूनच गेलं.

तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. नगरच्या एका शाळेत मराठी शिकवता शिकवता लिहीत गेले. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, तेवढं चालवून घ्या. लेखिका म्हणवून घेते खरी, पण — खरंच बोलायचं ठरलंय तर इथूनच सुरुवात करू — लोकांना ठाऊक असलेलं माझं पुस्तक एकच. बाकीची आमच्या दिवाणाखाली खोक्यांत आहेत. कुणाचं बारसं, कुणाचा वाढदिवस असला की आमचे हे वाकतात आणि एक गठ्ठा बाहेर ओढतात. नातेवाईक आता आम्हाला वाढदिवस कळवत नाहीत.

ते एक पुस्तक म्हणजे 'बिबटरावांचा चष्मा'. बिबटराव हा उसात राहणारा एक बिबट्या. त्याला लांबचं नीट दिसत नाही. त्यामुळे शेळी दिसली की त्याला ती दाढीवाली, शिंगांची, धिप्पाड राक्षसीण वाटते आणि तो घाबरून उसात दडून बसतो. मग एक मुलगी त्याला आपल्या आजोबांचा जुना चष्मा आणून देते, आणि शेळीची भीती जाते. शिवाय त्याला वाचता येऊ लागतं. कसं ते विचारू नका; मुलांनी कधी विचारलं नाही. आमच्याकडे राहाता, संगमनेरच्या बाजूला उसात खरोखरचे बिबटे असतात, म्हणून पुस्तक जरा खपलं. काही आयांनी ते मुलांना घाबरवायला घेतलं आणि वाचल्यावर माझ्याकडे तक्रार केली, की आता पोरगं बिबट्याला घाबरेना.

त्या एका पुस्तकावर मला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. शाळा, वाचनालयं, शिक्षकांची शिबिरं. भाषण माझं ठरलेलं होतं — मुलांच्या कल्पनाशक्तीला मोकळं सोडा, मुलांवर विश्वास ठेवा, मूल काही सांगत असेल तर आधी ऐका. शेवटचं वाक्य म्हणताना मी आवाज किंचित खाली आणायचे. टाळ्या पडायच्या. शाल मिळायची, नारळ मिळायचा. त्या काळात आमच्याकडे नारळ विकत आणावा लागला नाही. हे संध्याकाळी दारातच विचारायचे, "आज सोललेला का बिनसोललेला?"

मुद्द्यावर येते. येतेच आहे. मुद्दा बोलायचा म्हटलं की मला नारळ आठवतात, काय करू?

राहात्याच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता. शाळेच्या मागं, अगदी कुंपणाला लागून, ऊस — उंच, दाट, तोडीला आलेला. त्या उसाचे मालक आणि त्या दिवसाचे अध्यक्ष एकच होते. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. कार्यक्रमाची वेळ झाली, मुलं मैदानात उन्हात रांगेनं बसली, मी फेटा बांधून घेतला — आणि आप्पांचा पत्ता नाही. मुख्याध्यापक शिंदे सर घाम पुसत माझ्याकडे आले. "मॅडम, आप्पा निघालेत. तोवर पोरांना जरा गुंतवून ठेवा." आमच्याकडे पुढारी निघालेत म्हणजे ते आंघोळीला निघालेत, हे मला अनुभवानं कळत होतं. मी पोरांना घेऊन मागच्या कडुलिंबाच्या सावलीत गेले.

काय सांगायचं? माझं भाषण मोठ्यांसाठी होतं. मुलांसाठी माझ्याजवळ ती एक गोष्ट, आणि ती शिंदे सरांनी त्यांना आधीच वाचून दाखवलेली. मी बिबटरावाचं नाव काढलं तशी पोरं म्हणाली, "वाचली!" पुढं काय, पुढं काय, अशा नजरेनं सगळी माझ्याकडे बघत राहिली. आणि पुढचं मी काहीच लिहिलेलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगते — वर्षभर एक ओळ सुचली नव्हती.

तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. गणवेश मापापेक्षा मोठा, कुणाचा तरी मागून घेतलेला. केसांना तेल भरपूर. ती दिपाली. तिची माणसं पाथर्डीकडची, ऊस तोडायला आलेली. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गावाबाहेर पडल्या होत्या, आणि हंगामापुरतं शिंदे सरांनी तिला तिसरीत बसवून घेतलं होतं. ती म्हणाली, "बाई, बिबटराव आता कुठं ऱ्हातो?"

साधा प्रश्न. 'राहत नाही गं, ती गोष्ट आहे' — एवढं म्हणायचं होतं. पण ती पोरं बघत होती ना. इतक्या आशेनं माझ्याकडे ना कधी प्रकाशकानं बघितलं होतं ना वाचकानं. मी खाली वाकले. ओठांवर बोट ठेवलं. आणि म्हणाले — "कुणाला सांगायचं नाही हं. तो ह्याच उसात राहतो. मधल्या सुट्टीत कुणी मोठ्यानं, नीट, मनापासून गोष्ट वाचली ना, की बांधापर्यंत येतो आणि ऐकतो. पण मोठ्या माणसांची चाहूल लागली की जातो निघून."

काय ती शांतता! एक पोरगं हळूच उसाकडे वळून बघायला लागलं. दिपालीनं तोंडावर हात ठेवला. आजही सांगते, त्याहून चांगली गोष्ट मी पुन्हा कधी लिहिली नाही.

मग आप्पा आले. नारळ फुटला, हार पडले, मी कल्पनाशक्तीला मोकळं सोडलं आणि शाल घेऊन घरी आले.

आठवडाभरानं शिंदे सरांचा फोन. आवाज भरून आलेला. "मॅडम, चमत्कार झाला! पोरं वाचायला लागली. मधल्या सुट्टीत डबा खाईनात, पुस्तकं घेऊन बांधावर जातात." त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. बांधावर ओळीनं बसलेली पोरं, कॅमेऱ्याकडे सगळ्यांच्या पाठी, तोंडं उसाकडे. मधोमध एक तेल लावलेली वेणी उभी, हातात पुस्तक उंच धरलेलं. सर म्हणाले, "ती दिपाली तर मास्तरीण झालीय. कुणी रेटून वाचलं की थांबवते. म्हणते, असं भरभर नको, त्याला समजलं पाहिजे." सरांना वाटलं, 'त्याला' म्हणजे शेजारच्या पोराला.

मी काय केलं असेन? सरांना सगळं सांगितलं असेन? मी तो फोटो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. चर्चमध्ये पाळकसाहेबांना दाखवला. भाजीवाल्यालाही दाखवला, तो म्हणाला, "पोरं उसाकडं काय बघत्यात?" तेवढा एकच माणूस शहाणा निघाला.

आणि मग एके दुपारी उसात काहीतरी सळसळलं. डुक्कर असेल, कुत्रं असेल — असतंच काही ना काही. पण बांधावरची पोरं एका सुरात ओरडली, "आला! बिबट्या आला!" ती पळाली असती तरी गाव एवढं घाबरलं नसतं. पोरं टाळ्या वाजवत उसाकडे निघाली होती! जनावरांसाठी उसाचं वाढं न्यायला आलेल्या एका बाईनं ते बघितलं आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती म्हणे शिर्डीच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

पुढचं सगळं मला शिंदे सरांनी फोनवर सांगितलं, रोज थोडं थोडं, रोज अधिक बारीक आवाजात. शाळा बंद झाली. गावानं फटाके वाजवले, पत्रे बडवले. वनखात्याची गाडी आली, पिंजरा आला, पिंजऱ्यात शेळी आली. कुणाला ठसे दिसले, ते आप्पांच्याच कुत्र्याचे निघाले. एका म्हाताऱ्यानं बिबट्या आणि दोन पिल्लं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. त्याच डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. टोळीचा मुकादम म्हणाला, माझी माणसं मी ह्या उसात घालणार नाही. टोळी कोप्यांत बसून राहिली. साखर कारखान्यानं आप्पांना दिलेली तोडीची पाळी गेली, आणि कारखान्याच्या दारात आप्पांचा शब्द खाली पडला, ते त्यांना फार लागलं. इकडे पिंजऱ्यात शेळी आरामात पाला खात होती. म्हणे तिचं वजन वाढलं.

शेवटी वनखात्याच्या साहेबांनी पोरांनाच विचारायचं ठरवलं. पंचनाम्याचा कागद काढला. कसा दिसत होता? पोरं गप्प. केवढा होता? गप्प. साहेब गोड बोलून म्हणाले, काही खूण, काही तरी? तेव्हा पहिलीतलं एक पोरगं न राहवून म्हणालं, "चष्मा हाय त्याला."

"कसला चष्मा?"

"लांबचा."

त्या संध्याकाळी शिंदे सरांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हता. "मॅडम, उद्या येता का? आप्पांनी बैठक बोलावलीय. पोरांनी तुमच्या पुस्तकातलं काहीतरी डोक्यात घेतलंय. तुम्ही समजावलंत तर ऐकतील."

मी निघाले, ती सगळं सांगायचं ठरवूनच निघाले. हे सबबीसाठी सांगत नाही, उलट त्यानं माझा दोष वाढतो म्हणून सांगते. एसटीत नगरपासून राहात्यापर्यंत मी वाक्य घोकत होते — 'माझंच चुकलं, गंमत म्हणून मीच सांगितलं होतं.' राहुरीपर्यंत ते मला पाठ झालं होतं. पुढं मी त्याची भाषा सुधारत बसले. 'गंमत म्हणून' हे जरा हलकं वाटतं, 'सहज' म्हणावं का? लेखिका ना मी.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आप्पा, साहेब, मुकादम, शिंदे सर. मला खुर्ची दिली. साहेब तापलेलेच होते. खोटी खबर देऊन सरकारी माणसं कामाला लावणं हा काय प्रकार आहे, जो कोणी असेल त्याच्यावर मी कारवाई करणार, असं ते टेबलाला सांगत होते. माझी नोकरी अजून बाकी होती. निवृत्ती जवळ आली होती. मी मनातलं वाक्य पुन्हा एकदा म्हणून बघितलं. त्यातला कर्ता कुठंतरी गेला होता.

पोरांना आत आणलं. कुणी सांगितलं तुम्हाला? सगळ्यांनी दिपालीकडे बोट दाखवलं. तिची आई दारात उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"तुला कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले.

दिपाली बोलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. तुमच्या लक्षात येतंय का, ती का बोलत नव्हती? मी सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून. ती माझं गुपित राखत होती. सगळं गाव पेटलं होतं, बाप कामाविना बसला होता, आणि ही पोरगी माझ्या शब्दाला जागत होती. माझ्याकडे बघत होती ती एवढ्याचसाठी, की सांगू का? चालेल का आता?

मी वरच्या पंख्याकडे बघितलं. त्याला जळमटं लागली होती.

आईनं पुढं होऊन तिचा दंड धरला. "बोल की गं! कुणाचं नाव घिऊन मरायली?"

तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "बाईनी सांगितलं व्हतं."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी हसले. हो, हसले — शाळेच्या गॅदरिंगमध्ये लहान मूल संवाद विसरलं की आपण कौतुकानं हसतो ना, तसं. म्हणाले, "अहो, मी असं कशाला सांगेन? गोष्ट ऐकवली होती मी. मुलं आहेत, कल्पना करतात. करावी त्यांनी. हिला रागावू नका हं." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हे सगळं मला किती सहज आलं म्हणून सांगू! घोकलेल्या वाक्यासारखं अडखळावं लागलं नाही.

आईनं तिला एक ठेवून दिली. आवाज खोलीभर झाला. "लई खोटारडी झालीय ही, बाई. घरी बी असंच करती, कायबाय रचून सांगती. माफ करा." आई माझी माफी मागत होती. दिपाली रडली नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, हो. राग असता तर मी निभावून नेलं असतं. ती नुसती गोंधळलेली होती. गणिताचं उत्तर पुस्तकात वेगळं निघाल्यावर पोरं बघतात ना, तशी.

मग वातावरण मोकळं झालं. साहेबांना हसू आलं; "लांबचा चष्मा!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. आप्पा म्हणाले, "तरी मी म्हनलं, एवढ्या शिकलेल्या बाई असं कशाला बोलतील." चहा आला. मी घेतला. साखर जास्त होती, तेही आठवतंय मला.

दुसऱ्या दिवशी ऊस तुटायला लागला. आत बिबट्या नव्हता. एक फुटका चेंडू निघाला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून बुडख्याशी ठेवलेलं 'बिबटरावांचा चष्मा' निघालं. त्याला वाचायला ठेवलं होतं. कुणी ठेवलं, ते कुणी कबूल केलं नाही. शिंदे सरांनी मला हे हसत सांगितलं, आणि म्हणाले, आता वाचन वर्गातच घेतो, दारं लावून. थोड्या दिवसांनी म्हणाले, पोरांनी वाचन बंदच केलंय, पण डबा नीट खातात. टोळी पुढच्या गावाला गेली होती. दिपालीचं नाव पटावरून निघालं.

हे इथं संपलं असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसून राहिले असते आणि आणखीही बसले असते. भित्रेपणा सगळेच करतात. पण मी काय केलं, ऐका.

मी त्याचा किस्सा केला.

पहिल्यांदा सहज केला, एका शिक्षकांच्या शिबिरात. भाषण पडत होतं, मागच्या रांगा मोबाईलमध्ये गेल्या होत्या. म्हटलं, एका मुलीची गंमत सांगते. माझी गोष्ट वाचून एका मुलीच्या मनानं घेतलं, की बिबट्या शाळेमागच्या उसात राहतो... 'लांबचा' म्हटल्यावर सभागृह खो खो हसलं. पुढच्या वेळी मी शेळीचं वजन आणखी वाढवलं. त्याच्या पुढच्या वेळी म्हाताऱ्याला तीन पिल्लं दिसली. आणि शेवटी मी गंभीर व्हायचे, आवाज खाली आणायचे, म्हणायचे — "त्या मुलीला तिच्या आईनं मारलं. मी म्हटलं, मारू नका हो. ही खोटं बोलत नाही. हिच्यात एक लेखिका दडलीय." रुमाल निघायचे. एक मुख्याध्यापिका तर हुंदके देत मला भेटायला आली. वर ह्याच विषयावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. निवृत्तीनंतर त्या किश्शावर माझी भाषणं वाढली. आमचे हे सुद्धा तो किस्सा पाहुण्यांना सांगतात, माझ्यापेक्षा चांगला सांगतात. मी शेजारी बसून हसते.

मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण टाळ्या थांबल्यावर वाटायचं, आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असायची.

मागच्या हिवाळ्यात पाथर्डीला एका वाचनालयानं बोलावलं. पाथर्डी म्हटल्यावर दिपाली आठवली, नाही असं नाही. पण मी स्वतःला म्हटलं, तालुका केवढा मोठा! आणि किस्सा सांगितला. सवयीनं. चष्मा, शेळी, म्हातारा, सगळं. सभागृह हसलं. मधल्या रांगेत एक तरुण मुलगी होती, ती तर पोट धरून हसत होती. मला बरं वाटलं म्हणून मी शेवटचा भाग तिच्याकडे बघूनच सांगितला.

कार्यक्रम संपल्यावर ती व्यासपीठाशी आली. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबली. नर्सिंगच्या कोर्सला आहे म्हणाली. केस नीट बांधलेले, खांद्याला बॅग. मग म्हणाली, "बाई, वळखलं न्हाई ना? ती पोरगी मीच. दिपाली."

खुर्ची धरून उभी राहिले. आता बोलेल, म्हटलं. आता सगळ्यांसमोर बोलेल. आणि खरं सांगते, एक क्षण वाटलं, बोलूच दे. सुटेन.

ती म्हणाली, "लई तरास दिला तवा तुमाला. एवढ्या लांबून यावं लागलं. आईनं मारलं ते बरंच केलं, लई बाता मारायचे मी." हसली. "पन गंमत सांगू का बाई? मला ना अजून आठवतंय बघा. लिंबाखाली तुमी आशा वाकल्या हुत्या. ओठावर बोट ठिवलं हुतं. 'कुनाला सांगायचं न्हाई हं' म्हनलं हुतं तुमी. तुमच्या बांगडीचा आवाज सुदिक आठवतो. इतकं खरं वाटतं, आंगावर काटा येतो! पन तुमी कशाला सांगताल? माझंच डोकं तसलं. मग सोडूनच दिलं ते. गोष्टी न्हाई, काय न्हाई. डोक्यात काय आलं की आधी कुनाला तरी इचारते, आसं खरंच झालतं का म्हणून."

ती वाट बघत होती. मग ती जरा पुढं झाली आणि म्हणाली, "मनात राहिलं हुतं तेवढं. माफ करा, बाई."

आता सांगा, ह्यावर माणूस काय बोलेल? तिथं दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, आप्पा नव्हते, माझी नोकरी नव्हती. दोन शब्द पुरे होते. ती दारापर्यंत जाईपर्यंत मला वेळ होता.

मी म्हणाले, "अगं, असू दे. लहान होतीस तू."

मी तिला माफ केलं.

तिचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला; वाकून नमस्कार केला तिनं, मी खांद्याला धरून उठवलं. मग ती बसस्टँडकडे गेली, गाडी चुकेल म्हणून घाईनं.

आत संयोजकांनी चहा ठेवला होता. ग्रंथपाल तरुण होता, उत्साही. बशी पुढं करत म्हणाला, "मॅडम, तो बिबट्याचा किस्सा एक नंबर. खरंच घडलंय का हो ते?"

"घडलंय ना," मी म्हणाले. "अगदी असंच."

आणि बिस्किट घेतलं.